‘जुनी बाईक’ म्हणजे नेमकी कोणती?

मागच्या पावसाळ्यात गावी गेलो, तर बाबांची २००९ची कार्बोरेटरवाली बाईक सुरूच होईना. दीड महिना उभी होती. मेकॅनिकने पेट्रोलचा रबरी पाईप काढून दाखवला, तो कडक होऊन तडकलेला. “हे सगळं ई-२० मुळे,” तो म्हणाला. मीही रागाने तशीच पोस्ट लिहिली आणि मग डिलीट केली. का, ते सांगतो.

ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालात त्यामुळे दुचाकीचं मायलेज ३ ते ४ टक्के घटेल, असा अंदाज आहे. हा आकडा सगळे फेकतात, पण वाक्य पुरतं कुणी वाचत नाही. तो आहे ई-० साठी डिझाइन केलेल्या आणि ई-१० ला जुळवलेल्या दुचाकींचा. म्हणजे तो गाडीच्या डिझाइनबद्दल बोलतो, वयाबद्दल नाही.

तुलना कशाशी, तेही बघा. लिटरमागे पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये २१. हिशोब करा: ई-१० वरून ई-२० वर गेलं की ऊर्जा साडेतीन टक्के घटते, पण शुद्ध पेट्रोलवरून गेलं तर जवळजवळ ७ टक्के. इंधन तेच, फक्त बेसलाइन बदलली की आकडा दुप्पट!

आता वयाचा मुद्दा. एआरएआय, आयआयपी आणि इंडियन ऑइल यांनी २०१४-१५ मध्ये केलेल्या चाचण्यांचा सारांश याच अहवालात आहे. गाड्यांत गंभीर बिघाड दिसला नाही. मात्र रबरी भाग साध्या पेट्रोलच्या तुलनेत ई-२० मध्ये कमी टिकाऊ ठरले. समर्थक पहिला निष्कर्ष उचलतात, विरोधक दुसरा. पण १५ वर्षं वापरलेल्या आणि आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या बाईकचा वेगळा आकडा त्या सारांशात नाहीच. माझी मुख्य हरकत इथे आहे: ‘जुनी’ या एका शब्दात जुनं डिझाइन आणि झिजलेले भाग, अशा दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात.

मग मी पोस्ट का काढली? कारण नुसत्या वयानेही रबर तडकतं. इथेनॉलला दोष द्यायचा तर एकाच वयाचे, एकाच प्रकारचे पाईप हवेत. निम्मे साध्या पेट्रोलमध्ये, निम्मे ई-२० मध्ये, एकाच तापमानाला ठेवून वजन, फुगवटा आणि कडकपणा मोजायला हवा. माझ्याकडे होता एक पाईप आणि भरपूर राग.

पण ‘पुरावा नाही’ म्हणजे ‘परिणाम नाही’ असंही नव्हे. दुरुस्तीचं बिल बाबांनीच भरलं, आणि त्यांच्यासारख्यांच्या गाड्या मोजल्याशिवाय “काळजीचं कारण नाही” म्हणणंही तितकंच घाईचं आहे.

प्रपोजलमध्ये ‘जुनी वाहने’ असं लिहिणार असाल, तर तीन रकाने वेगळे करा: डिझाइन कोणत्या इंधनासाठी, भागांचं वय किती आणि गाडी सलग किती दिवस उभी असते.