स्वार्थी जनुके, 'स्वार्थे' प्रत्यय आणि प्रक्षिप्त ओवी

रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ साली 'द सेल्फिश जीन' या ग्रंथाच्या अखेरीस 'मीम' ही संज्ञा मांडली. तेव्हापासून वाङ्मयीन परंपरेचे वर्णन जनुकशास्त्राच्या परिभाषेत करण्याचा मोह समीक्षेला अधूनमधून पडत आला आहे. कथाबीजे, वृत्ते, पुराणप्रतिमा या माणसाच्या मनाचा आश्रय घेऊन स्वतःच्या प्रती वाढविणाऱ्या 'स्वार्थी' वस्तू होत, असे म्हटले की परंपरा का टिकते याचे उत्तर मिळाल्यासारखे वाटते. वस्तुतः त्यात प्रश्नाचीच पुनरुक्ती असते : जे टिकले ते टिकणारे होते. मन नसलेल्या वस्तूला स्वार्थ कसा असेल, हा मेरी मिज्ली यांचा १९७९ मधील आक्षेप पुष्कळ गाजला. परंतु तो विशेषणाच्या नैतिक छटेपाशीच अडला. खरा घोटाळा दुसरीकडे आहे.

डॉकिन्स यांच्या अर्थाने सर्वच जनुके स्वार्थी असतात. नैसर्गिक निवडीचा हिशेब जनुकांच्या प्रतींत मांडावा, एवढेच त्या शब्दाने सुचवायचे असते. १९८० साली 'नेचर'मध्ये ऑर्गेल व क्रिक यांचा आणि डूलिटल व सॅपिएन्झा यांचा असे दोन लेख एकत्र प्रसिद्ध झाले. त्यांत या शब्दाचा अर्थ आक्रसला. जीवाला उपयोग नसताना, प्रसंगी अपाय करूनही, इतरांपेक्षा अधिक प्रमाणात पुढच्या पिढीत जाणारे घटक तेवढे 'स्वार्थी' ठरले. पहिल्या अर्थी हे विशेषण कोणालाही कोणापासून वेगळे करीत नाही. दुसऱ्या अर्थी ते भेददर्शक आहे. समीक्षेने उचलला तो पहिला अर्थ, आणि वापरला मात्र दुसऱ्याच्या थाटात.

हा भेद ग्रंथापेक्षा भाताच्या खाचरात अधिक स्पष्ट दिसतो. आज कारखान्यांमुळे ओळखले जाणारे तळोजा ज्या पनवेल तालुक्यात आहे तो रायगड जिल्ह्याच्या भातपट्ट्याचा भाग. याच जिल्ह्यातील कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्राचा 'सह्याद्री' हा संकरित भात १९९८ मध्ये प्रसारित झाला. भाताच्या एकाच फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर असल्याने ते आपले आपणच फळते. संकर साधावयाचा तर मादी म्हणून निवडलेल्या वाणाचा पराग निकामी असावा लागतो. हे काम ज्या पेशीद्रव्याने होते त्याचा उगम १९७० मध्ये चीनच्या हैनान बेटावर सापडलेल्या एका रानटी भातात आहे. त्याच्या तंतुकणिकांत इकडचे तिकडचे तुकडे जुळून तयार झालेले एक जनुक आहे. २०१३ साली त्याची ओळख पटली. त्याचे प्रथिन परागकोशाच्या पोषक अस्तरात साचते, अस्तर अकाली मरते आणि पराग वांझ होतो.

हे जनुक केंद्रकात नसून तंतुकणिकेत आहे, यातच सारे मर्म आहे. केंद्रकातील जनुके पराग आणि बीजांड अशा दोन्ही वाटांनी पुढे जातात. तंतुकणिका भातात केवळ बीजांडाच्या वाटेने जातात. पराग हा त्यांच्यापुरता बंद रस्ता होय. परागावरचा खर्च वाचून बी थोडेही वाढले तर तंतुकणिकेचा लाभ होतो, केंद्रकाची मात्र एक वाट तुटते. थाइम या सुगंधी झुडपाच्या केवळ स्त्रीपुष्पे असलेल्या रोपांना अधिक बी धरते, ही गोष्ट डार्विनने १८७७ सालीच नोंदविली होती. तिचे कारण पुढे कळले. अशी रोपे फार झाली की पराग दुर्मीळ होतो आणि पराग पुन्हा निर्माण करू शकणाऱ्या केंद्रकीय जनुकाला भाव येतो. भातात अशी 'पुनःस्थापक' जनुके आहेत. त्यांपैकी एक तंतुकणिकेच्या त्या जनुकाचा संदेशच कमी करून टाकते. एका पेशीत नांदणाऱ्या दोन पक्षांची ही चढाओढ उत्क्रांतीला गती देते. नरवंध्य वाण आणि पुनःस्थापक वाण शेजारी लावून संकरित बियाणे तयार केले जाते, तेव्हा माणूस या जुन्या भांडणाचाच उपयोग करून घेत असतो. (संकरित पिकाचे बी राखून पेरले तर पुढचे पीक एकसारखे येत नाही, म्हणून शेतकऱ्याला दर वर्षी बियाणे विकत घ्यावे लागते. 'स्वार्थ' कोणाचा, हा प्रश्न येथे आणखी एका पातळीवर सरकतो.)

तेव्हा स्वार्थ हा कोणा घटकाचा स्वभाव नव्हे. दोन वाटांमधील तफावतीचे ते नाव आहे. वाट एकच असेल तर स्वार्थ आणि परार्थ यांत फरक करण्यास जागाच उरत नाही.

शास्त्राच्या भाषेतही हे भान नेहमी राहिलेले नाही. बार्बरा मॅक्लिंटॉक यांना मक्यात जागा बदलणारे घटक आढळले, तेव्हा त्यांनी त्यांना 'नियंत्रक' म्हटले. सुसुमु ओनो यांनी १९७२ मध्ये निरुपयोगी डीएनएला 'अडगळ' म्हटले. ऑर्गेल व क्रिक यांनी 'परोपजीवी' म्हटले. तिन्ही रूपके तीन कथानके सुचवितात : राज्यकर्त्याचे, माळ्यावरच्या सामानाचे, आगंतुकाचे. २००१ साली मानवी जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि त्याचा सुमारे ४५ टक्के भाग अशा उड्या मारणाऱ्या घटकांचा किंवा त्यांच्या अवशेषांचा असल्याचे दिसले. त्याआधी वर्षभर, वार घडण्यात भाग घेणारे एक प्रथिन प्राचीन विषाणूच्या जनुकातून आल्याचे निष्पन्न झाले होते. आगंतुक कामाला लागला. पण म्हणून तो कामासाठीच आला होता असे होत नाही. हा कालविपर्यास टाळण्यासाठीच गूल्ड व व्हर्बा यांनी १९८२ मध्ये उसन्या उपयुक्ततेला वेगळी संज्ञा दिली. रॉजर लास यांनी ती १९९० मध्ये भाषेच्या इतिहासाला लावली.

मराठीच्या अभ्यासकाला यात अपरिचित असे काही नाही. संस्कृत व्याकरणात 'स्वार्थे' प्रत्यय म्हणजे मूळ शब्दाच्या अर्थात भर न घालणारा प्रत्यय : 'बाल' आणि 'बालक'. येथे 'स्वार्थ' हा शब्द पूर्णतः निर्दोष आहे. त्यात अर्थ आहे, हेतू नाही. हा 'क' प्राकृतात झिजला, पण जाता जाता शब्दाचा अंत बदलून गेला. 'दीपक'चा 'दिवा' झाला, 'घोटक'चा 'घोडा'. आज 'हाताला' पण 'घोड्याला' असा जो सामान्यरूपाचा भेद मराठी पाळते, त्याच्या मुळाशी ही निरर्थक पुस्ती आहे. 'गेला', 'केला' यांतील 'ल'ही प्राकृतातील अशाच एका विस्तारक प्रत्ययाकडे नेला जातो. ज्याने अर्थात भर घातली नव्हती त्याच्यावर भूतकाळाचा भार पडला. मात्र या प्रत्ययाला जनुकशास्त्रीय अर्थाने स्वार्थी म्हणता येणार नाही. शब्दाहून वेगळी अशी त्याची वाट नाही. शब्द गेला की तोही गेला. येथे 'अडगळ' हे रूपक चालेल, 'परोपजीवी' चालणार नाही.

परोपजीवी हे रूपक चालते ते प्रक्षेपाच्या बाबतीत. हस्तलिखित परंपरेत एखादी ओवी ज्ञानेश्वरीत शिरली की तिच्या प्रती निघण्यासाठी तिच्या स्वतःच्या गुणाची गरज उरत नाही. ग्रंथावरील श्रद्धा आणि लेखनिकाचे श्रम तिला फुकट मिळतात. ग्रंथ मलिन होतो आणि ओवी पसरते, म्हणजे हितसंबंध खरोखरच फुटतात. विष्णुदास नामा आणि नामदेव यांचे अभंग एकमेकांत मिसळले, तेथे 'नामा' ही मुद्रा अशाच रीतीने एका गाथेतून दुसरीच्या आधाराने वाढत गेली. परंपरेतील कोणत्याही घटकाला 'स्वार्थी' म्हणण्यापूर्वी असा फुटवा दाखविणे समीक्षकावर बंधनकारक आहे. मीमवादी लेखनात तो क्वचितच दाखविलेला असतो.

प्रक्षेपाविरुद्धचा पुनःस्थापकही या परंपरेत आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि पुढे कोणी त्यात ओवी घालू नये अशी कठोर ताकीद दिली. ही ताकीद ओवीतच आहे. ज्ञानेश्वरांची नसलेली ती ओवी ग्रंथाच्या शेवटी जोडली गेली, आणि प्रत्येक प्रतीबरोबर तिचीही प्रत निघत राहिली.