सेस्शूचें शाईचें चित्र व त्यावरील लेख

जपानी झेन भिक्षु सेस्शू (१४२०–१५०६) यानें बालपणीं खांबास बांधलें असतां पायाच्या बोटानें अश्रूंचा उंदीर काढला, ही आख्यायिका त्याच्या दैवी प्रेरणेचा पुरावा म्हणून सांगतात. ती त्याच्या मृत्यूनंतर दीड शतकाहून अधिक काळानें ग्रंथबद्ध झाली. आम्हांस ती ग्राह्य वाटत नाहीं.

इ. स. १४९५ त शिष्य सोएन यास दिलेलें त्याचें निसर्गचित्र तोक्यो येथील राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. शाईचे मोजके फटकारे, आणि डोंगर, मद्यगृह व होडी उभीं! समाधींतील स्फुरणच जणूं. परंतु वरील स्वहस्तलेखांत शहात्तर वर्षांचा हा भिक्षु बोलतो तें शिक्षणाविषयीं: चीनमध्यें शाईची ही रीत शिकलों, परतल्यावर जोसेत्सु व शूबुन या स्वदेशीय गुरूंचीच थोरवी पटली. ध्यानसाधना आम्ही नाकारीत नाहीं. मात्र हात आधीं गुरूंकडे घडला होता. चित्र मढवितांना वरचा लेख कापणाऱ्या संग्राहकांनीं हें ध्यानांत घ्यावें. हा लेख गेला असता तर आमच्यापाशीं केवळ तो उंदीर उरता.