एअर्सबाईंची मोजपट्टी

तुमच्या ओळखीत ऑटिझम असलेलं किंवा लिहिण्या-वाचण्यात मागे पडणारं एखादं मूल असेल, तर 'ओटी' हा शब्द तुमच्या कानावर आला असेलच. ऑपरेशन थिएटरवाली ओटी नव्हे, ऑक्युपेशनल थेरपी. सरकारी मराठीत हिला व्यवसायोपचार म्हणतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला हे नोकरी-धंद्याचं मार्गदर्शन वाटतं. पण इथे 'ऑक्युपेशन' म्हणजे माणूस दिवसभरात जे जे करतो ते सगळं: जेवणं, शर्टाची बटणं लावणं, वहीत लिहिणं, खेळणं. आजारानं, अपघातानं किंवा जन्मापासून यातलं काही अडत असेल, तर ते जमवून देणारी ही विद्या.

लहान मुलांच्या ओटीत एक खोली हमखास असते. छताला टांगलेले झोपाळे, मोठाले चेंडू, जाड गाद्या, रंगीत चेंडूंचा हौद. बाहेर बाकावर आई किंवा आजी बसलेली. आत मूल झोके घेतंय आणि त्यातून पुढे त्याचं वाचन, लक्ष, वागणं सुधारेल अशी अपेक्षा आहे. झोक्याचा वाचनाशी काय संबंध? हा प्रश्न त्या बाकावरच्या प्रत्येकाला पडतो, विचारत मात्र फार थोडे. या प्रश्नाचं जे उत्तर आज दिलं जातं, ते ए. जीन एअर्स या एका बाईंच्या संशोधनातून आलेलं आहे. त्या कामाचं आज जरा बारकाईनं वाचन करू. मी थेरपिस्ट नाही. माझं एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सचं, पीएच.डी. मोजमापाच्या पद्धतींवर, त्यामुळे माझी नजर आकड्यांकडे आधी जाते हे गृहीत धरूनच पुढचं वाचा.

एअर्स १९२० साली कॅलिफोर्नियात जन्मल्या आणि १९८८ मध्ये गेल्या. ओटीची पदवी, मग एम.ए., मग १९६१ मध्ये पीएच.डी., तिन्ही युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियातून. डॉक्टरेट मात्र शैक्षणिक मानसशास्त्रात. ओटीवाल्यांसाठी त्या विद्यापीठात स्वतःची अशी पीएच.डी. (तिला त्यांनी ऑक्युपेशनल सायन्स म्हटलं) १९८९ मध्ये सुरू झाली, म्हणजे बाई गेल्यानंतर. पीएच.डी.नंतर त्या लॉस एंजेलिसच्या दुसऱ्या मोठ्या विद्यापीठात, यूसीएलएच्या मेंदू संशोधन संस्थेत शिकायला गेल्या. जिथे हाताखाली मूल असायचं त्या क्षेत्रातून निघून आधी आकडे आणि मग मज्जातंतू शिकून आलेली ही बाई. एवढ्यासाठीच त्यांच्याबद्दल आदर वाटतो.

त्यांचा सिद्धान्त थोडक्यात असा. डोळे-कान-त्वचा यांच्याखेरीज आणखी दोन जाणिवा शरीराला सतत खबर देत असतात. एक कानाच्या आत असलेली तोलाची यंत्रणा, दुसरी सांधे आणि स्नायूंकडून येणारी जाणीव. या सगळ्या खबरा मेंदूत नीट एकत्र आल्या तरच मूल सुरळीत हलू-वागू-शिकू शकतं. काही मुलांत ही जुळणी बिघडलेली असते. अर्थपूर्ण खेळातून तोलाच्या, स्पर्शाच्या, स्नायूंच्या जाणिवा दिल्या तर जुळणी सुधारते आणि मग त्यावर उभं असलेलं शिकणंही. याला सेन्सरी इंटिग्रेशन म्हणतात. १९७२ मध्ये अभ्यासकांसाठी आणि १९७९ मध्ये पालकांसाठी त्यांनी यावर पुस्तकं लिहिली. पालकांसाठीच्या पुस्तकात मेंदूतल्या वाहतूक कोंडीची उपमा आहे. ती इतकी चपखल आहे की आजही थेरपिस्ट तीच वापरतात, कित्येकदा ती कुठून आली हे माहीत नसताना. मला त्या पुस्तकाची अडचण वाटते ती इथेच. कोंडी म्हटलं की कोणत्या चौकात, किती वेळ, कोणी मोजली, हे प्रश्न यायला हवेत. उपमा ते प्रश्न गिळून टाकते. चिडलेलं मूल, शर्टाचं लेबल टोचणारं मूल, अक्षर वाकडं काढणारं मूल, सगळी एकाच कोंडीत जाऊन बसतात.

बाईंनी स्वतः मात्र मोजायचा प्रयत्न कसून केला होता. १९६५ च्या त्यांच्या गाजलेल्या अभ्यासात अडचणी असलेली १०० मुलं होती आणि तुलनेला ५० इतर. प्रत्येकाच्या भरपूर चाचण्या घेऊन त्यांनी फॅक्टर अॅनालिसिस केलं. ही पद्धत समजून घेऊ, कारण पुढचं सगळं भांडण तिच्यावर आहे.

दहावीच्या शंभर गुणपत्रिका घ्या. मराठी, हिंदी, संस्कृत हे गुण बरोबरीनं वर-खाली होताना दिसतील. गणित आणि विज्ञान यांची जोडी वेगळी. फॅक्टर अॅनालिसिस हेच करतं: कोणते आकडे एकमेकांबरोबर चालतात ते शोधून त्यांचे गट पाडतं. पण पहिल्या गटाला 'भाषिक क्षमता' हे नाव गणित देत नाही, तुम्ही देता. कदाचित तिन्ही विषय एकाच चांगल्या बाईंनी शिकवले असतील. कदाचित ती मुलं एकाच क्लासला जात असतील. शिवाय विषय पुष्कळ आणि मुलं थोडी असली, तर निव्वळ योगायोगानंही गट पडतात आणि पुढच्या वर्षीच्या शंभर गुणपत्रिकांत ते सापडत नाहीत.

एअर्स यांच्या गटांचं बरंचसं हेच झालं. त्यांनी हा प्रयोग अनेकदा केला आणि दर वेळी चित्र थोडं बदललं. १९९१ मध्ये रॉबर्ट कमिन्स यांनी ते सगळे अभ्यास पुन्हा तपासून, हे गट पुरेसे स्थिर नाहीत असं म्हटलं. कमिन्स बाहेरचे, मानसशास्त्रवाले, म्हणून त्यांचं बोलणं बाजूला ठेवता येईल. पण १९९८ मध्ये शेली मुलिगन या ओटीच्याच संशोधिकेनं बाईंच्या शेवटच्या चाचणीसंचाचे दहा हजारांहून अधिक मुलांचे निकाल घेतले आणि पाच गटांचं अपेक्षित चित्र त्यावर बसवून पाहिलं. ते नीट बसलं नाही. चार गट आणि त्या सगळ्यांच्या वर एक सर्वसाधारण अडचण, हे चित्र जास्त बसलं. वेगवेगळ्या कोंड्यांपेक्षा एकच मोठी, बिननावाची अडचण असू शकते, असं हे आकडे सांगतात.

एक चाचणी तर मला फार आवडते, आवडते आणि खटकतेही. फुगडी घालून थांबल्यावर जग फिरत राहतं ना, त्या वेळी डोळे काही सेकंद थरथरत असतात. एअर्स यांनी मुलाला फिरत्या पाटावर बसवून वीस सेकंदांत दहा फेरे द्यायचे, थांबवायचं आणि ही थरथर किती सेकंद टिकते ते घड्याळावर मोजायचं, अशी चाचणी बसवली. महागडं यंत्र नाही, काही नाही. थरथर लवकर थांबली तर तोलाची यंत्रणा मंद, असा अर्थ. पण चाचणी उजेडात, उघड्या डोळ्यांनी होते. समोरच्या भिंतीवर नजर रोवता आली की थरथर आवरते. मग आपण कान मोजला की डोळा? हा आक्षेप त्या काळातच घेतला गेला होता. तरी थोडक्या साधनांत मोजता येईल असं काही शोधणं, ही वृत्तीच मला मोलाची वाटते.

आता उपचाराचा मुद्दा. १९९९ मध्ये व्हर्गास आणि कॅमिली यांनी तोवरचे अभ्यास एकत्र केले. जुन्या अभ्यासांत परिणामाचा आकडा ०.६० होता, म्हणजे चांगला मध्यम. नव्या अभ्यासांत ०.०३. म्हणजे जवळपास शून्य. हे छापलं कुठे? अमेरिकन ओटीवाल्यांच्या स्वतःच्या मासिकात. हा त्या व्यवसायाचा प्रामाणिकपणा, तो नोंदवायलाच हवा.

पुढे काय झालं, तिथे माझं मत थोडं कडवट होतं. एक उत्तर असं आलं की त्या अभ्यासांत दिलेली थेरपी खरी एअर्सपद्धतीची नव्हतीच. हा मुद्दा खोटा नाही. डायान पारहॅम आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की बऱ्याच अभ्यासांत नेमकं काय केलं याचं वर्णनच अपुरं होतं. म्हणून त्यांनी थेरपी मूळ तत्त्वांप्रमाणे चालली आहे का हे तपासायची मोजपट्टी बनवली. शास्त्र म्हणून पाऊल अगदी योग्य. पण त्याच सुमारास 'एअर्स सेन्सरी इंटिग्रेशन' या नावाचा ट्रेडमार्कही झाला. सिद्धान्ताला ट्रेडमार्क! न्यूटननं गुरुत्वाकर्षणाचा घेतला असता तर काय, असं मनात येतं. नाव जपायचं असलं की प्रत्येक नकारार्थी निकालाला 'ती आमची नव्हेच' म्हणायची सोय होते.

हा बचाव निदान अर्धा तरी तपासला गेला. २०१४ मध्ये रोझान शाफ यांच्या गटानं ३२ ऑटिस्टिक मुलांवर काटेकोर एअर्सपद्धतीनं काम केलं, आणि पालकांबरोबर ठरवलेल्या उद्दिष्टांत थेरपी मिळालेली मुलं पुढे दिसली. निकाल चांगला, पण मुलं थोडी, आणि प्रगती सांगणाऱ्या पालकांना आपल्या मुलाला काय मिळतंय ते माहीत होतं. मग २०२२ मध्ये ब्रिटनमधला 'सेनिटा' अभ्यास आला: १३८ ऑटिस्टिक मुलं, २६ आठवड्यांत एकेक तासाची २६ सत्रं, तुलनेला नेहमीची सेवा. थेरपी पद्धतीप्रमाणे होते का हेही तपासलेलं. चिडचिड आणि वागणुकीच्या मोजमापात नेहमीच्या सेवेपेक्षा स्पष्ट फायदा दिसला नाही.

पण हा अभ्यासही नीट वाचा, फक्त निष्कर्ष नको. थेरपी मिळालेल्या मुलांच्या पालकांनी स्वतः निवडलेली उद्दिष्टं होती, रोजच्या जगण्यातली. त्यांत सुधारणा झाली असं पालक सांगत होते. मग पंचाईत काय? ही उद्दिष्टं दुसऱ्या गटात मोजलीच गेली नाहीत. त्यामुळे ती सुधारणा झोक्यामुळे, थेरपिस्टच्या मायेमुळे, की सहा महिन्यांनी मूल मोठं झाल्यामुळे, हे सांगता येत नाही. १३८ कुटुंबांनी इतका वेळ दिला आणि सर्वांत कळीचा प्रश्न एकाच बाजूला विचारला गेला. माझ्यासारख्याला यावर झोप लागत नाही.

ती उद्दिष्टं मोजणारी पट्टी कॅनडातून आली आणि ती बनवणाऱ्यांत हेलेन पोलाटाय्को आहेत. या बाईंची वाट मला एअर्स यांच्याइतकीच महत्त्वाची वाटते. त्यांनी सेन्सरी इंटिग्रेशनची चाचपणी केली. १९९१ च्या त्यांच्या चाचणीत ही थेरपी दुसऱ्या एका पद्धतीपेक्षा सरस ठरली नाही, दोन्ही गट सारखेच पुढे गेले. मग त्यांनी प्रश्नच बदलला. मुलाला सायकल चालवायची आहे? मग सायकलच शिकवू, फक्त 'काय करायचं, कसं करायचं, जमलं का' हे त्यालाच शोधायला लावू. यातून 'को-ऑप' ही पद्धत आली. हालचालींच्या समन्वयात अडचण असलेल्या मुलांसाठी २०१९ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशी अशाच, थेट कामावर बेतलेल्या पद्धतींकडे झुकतात. (को-ऑपचे बरेच अभ्यासही तिच्याच जन्मदात्यांनी केलेले आहेत, हे तितक्याच कडक नजरेनं पाहायला हवं.)

आपल्याकडे ही विद्या आली ती शिकवण्याच्या वाटेनं. जन्मानं अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात ओटीचं शिक्षण सुरू केलं, आणि १९५२ मध्ये ओटीची जागतिक संघटना उभी राहिली तेव्हा संस्थापक देशांत भारत होता. म्हणजे परंपरा सत्तर वर्षांहून जुनी. पण पदव्युत्तर प्रबंधातला डेटा घेऊन माझ्याकडे येणारी ओटीची मुलं-मुली पाहिली की साचा ठरलेला असतो: तीस मुलं, सहा आठवडे, आधी चाचणी, नंतर चाचणी, तुलनेचा गट नाही, आणि 'ताई, पी-व्हॅल्यू काढून द्या ना, परवा सबमिशन आहे'. दोष त्यांचा नाही. सकाळी ओपीडी, दुपारी लेक्चर, गाइडकडे इतर पाच जण. अशा मांडणीत पी-व्हॅल्यू बहुतेक वेळा छान येते, कारण सहा आठवड्यांत मुलं तशीही थोडी पुढे जातात. आणि तो प्रबंध वाचून पुढच्या बाकावरच्या आजीला सांगितलं जातं की संशोधनानं सिद्ध झालंय.

तुम्ही त्या बाकावर असाल तर थेरपी सोडा असं मी म्हणणार नाही, तो माझा अधिकारही नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०१२ मध्ये असंच म्हटलं होतं: पुरावा तोकडा आहे, पालकांना तसं सांगा, उपचारांच्या एकूण आखणीत एक भाग म्हणून चालेल, पण परिणाम होतोय का ते तपासा. तेव्हा थेरपिस्टना एवढं विचारा: घरातल्या कोणत्या एका कामात फरक दिसायला हवा आणि किती आठवड्यांत? चांगले थेरपिस्ट या प्रश्नानं खूश होतात, हे मी पाहिलंय. उत्तर वहीत तारखेसह लिहून ठेवा.

आणि तुम्ही ओटीचे विद्यार्थी किंवा शिक्षक असाल तर माझा एक प्रस्ताव आहे. चार कॉलेजांतल्या चार जणांनी तीस-तीस मुलांचे चार वेगळे विषय घेण्याऐवजी एकच प्रश्न घ्यायचा. १२० मुलं, चिठ्ठ्या टाकून दोन गट. पालकांनी निवडलेली उद्दिष्टं दोन्ही गटांत मोजायची, आणि मोजणाऱ्याला कोण कुठल्या गटात ते माहीत नसावं. प्रत्येकाचा प्रबंध त्यातला वेगळा भाग असेल, विद्यापीठाचे नियम सांभाळता येतील असं पाहू. हिशेबाचं सगळं काम मी करते, पैसे नकोत. फक्त डेटा गोळा करायच्या आधी या, परवा सबमिशन असताना नको.