गच्चीवरचे पाणी आणि मोरीतले पाणी

शालेय विज्ञान प्रदर्शनात एक तक्ता हमखास दिसतो : घर, छपरावरून उतरणारा पाइप आणि अंगणात शोषखड्डा. हा तक्ता चुकीचा आहे, असे आमचे म्हणणे नाही. तो अपुरा आहे. त्यातले घर बैठे आहे आणि आपली शहरे उभी वाढत आहेत.

हिशेब करून पाहू. १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस पडला, की १ लिटर पाणी मिळते. पुण्याचा पाऊस वर्षाला सुमारे ७०० मिमी धरू. त्यातले ८० टक्के हाती आले, तर १०० चौरस मीटरच्या छपरावरून ५६,००० लिटर मिळतील. माणशी रोज १३५ लिटर या शहरी पाणीपुरवठ्याच्या रूढ मापाने चौघांना ते १०० दिवसांहून अधिक पुरेल. आता १० मजल्यांची, ४० सदनिकांची इमारत घ्या. गच्ची ५०० चौरस मीटर. पाणी २,८०,००० लिटर. माणसे १६०, रोजची गरज २१,६०० लिटर. म्हणजे पाणी जेमतेम १३ दिवसांचे! मजले वाढले, माणसे वाढली. गच्ची तेवढीच राहिली.

मुरण्याचे काय? आपल्या काळ्या खडकात पाणी राहते ते मुरमाच्या थरात आणि भेगांत. तळघरासाठी मुरूम उपसला, उरलेल्या आवारात काँक्रीट अंथरले, तर पाणी मुरणार कोठे? अखंड कातळातला खड्डा नुसता भरून वाहतो.

चेन्नईचा अनुभव बोलका आहे. तमिळनाडूत २००३ मध्ये पर्जन्यजलसंधारण सक्तीचे झाले. तरीही डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई पुरात बुडाली आणि २०१९ च्या उन्हाळ्यात तिचे प्रमुख जलाशय कोरडे पडले. दलदली आणि तळी बांधकामाखाली गेली, ती हानी शोषखड्डे भरून काढू शकले नाहीत.

तक्त्यातील सर्वांत मोठी उणीव मात्र वेगळीच आहे. वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. वरील इमारतीतून ते वर्षाला सुमारे ६३ लाख लिटर जाईल. गच्चीवरच्या पाण्याच्या २२ पट! ते शुद्ध करून शौचालयांना आणि बागेला वापरले, तर धरणावरचा भार खरोखर हलका होईल.

तेव्हा शिक्षकांना विनंती : तक्ता काढू नका, पुरा करा. मुलांना आपल्या इमारतीची गच्ची, माणसे आणि उरलेली मोकळी जमीन मोजू द्या. मोरीचे पाणी कोठे जाते, ते विचारू द्या. नकाशात खड्डा दाखवला की प्रश्न सुटला, असे मानणारे अभियंते आणि नगरसेवक उद्या तयार झाले, तर त्यातला काही दोष आपल्या तक्त्यांचाही असेल.