धर्मचिकित्सा : कोणाची, कोणासाठी?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पाकिस्तानविषयक ग्रंथाला अलीकडे जे नवे वाचक लाभले आहेत, त्यांतील बहुसंख्यांनी तो ग्रंथ वाचलेला नाही. हे विधान कोड्यासारखे वाटेल, परंतु वस्तुस्थिती तशीच आहे. ग्रंथातील चार-दोन वाक्ये उचलावयाची, त्यांवर बाबासाहेबांचे छायाचित्र छापावयाचे आणि जयंतीच्या सुमारास ती वस्त्यावस्त्यांतून फिरवावयाची, असा हा उद्योग आहे. 'पाहा, तुमचे बाबासाहेब मुसलमानांविषयी काय म्हणाले होते' हा त्याचा मथळा. आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याने असेच एक पत्रक माझ्यासमोर ठेवून 'सर, हे खरे आहे का?' असे विचारले. मुलगा वस्तीतला, चळवळीतल्या घरातला. त्याच्या प्रश्नाला नुसते 'खोटे आहे' असे उत्तर देणे हा अप्रामाणिकपणा झाला असता, कारण वाक्ये खोटी नव्हती.

बाबासाहेबांनी इस्लामी समाजव्यवस्थेवर कठोर टीका केलेली आहे, हे आपण कशासाठी लपवावे? १९४० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि १९४५ साली वाढवून पुन्हा छापलेल्या ह्या ग्रंथात 'सामाजिक साचलेपण' ह्या विषयाला एक सबंध प्रकरण दिलेले आहे. हिंदूंतील सामाजिक दोष मुसलमानांत आहेतच, शिवाय पडद्याची चाल आहे. हिंदूंमध्ये निदान काहींना आपल्या दोषांची जाणीव होऊन ते चळवळ करतात, मुसलमानांत तेवढीही हालचाल दिसत नाही, असे ते म्हणतात. पत्रक येथे संपते. प्रकरण मात्र येथे संपत नाही. बाबासाहेब पुढे विचारतात की, असे का झाले? ते असे दाखवितात की, भारतातील मुसलमान एका हिंदुबहुल परिस्थितीत राहतो. ती परिस्थिती हळूहळू आपले मुसलमानपण पुसून टाकीत आहे असे त्याला वाटते, आणि ह्या भीतीपोटी तो जे जे आपले आहे ते, बरे असो की वाईट, मुठीत घट्ट धरून ठेवतो. शिवाय दोन्ही समाज एकमेकांविरुद्ध राजकीय लढाईच्या पवित्र्यात उभे राहिल्याने घरातली घाण काढावयाला कोणालाच सवड उरत नाही. म्हणजे ज्या साचलेपणावर बोट ठेवून पत्रकवाले मुसलमानाला झोडपतात, त्या साचलेपणाचे एक मोठे कारण हे झोडपणेच आहे, असा त्या प्रकरणाचा अर्थ होतो!

ह्याच ग्रंथात पुढे, हिंदू राज्य प्रत्यक्षात आले तर ती ह्या देशावरची सर्वांत मोठी आपत्ती ठरेल, असा इशारा आहे. आणि हिंदू समाजातील खालच्या थरांच्या आर्थिक, राजकीय, सामाजिक गरजा बहुसंख्य मुसलमानांच्या गरजांसारख्याच असल्याने हे थर मुसलमानांशी एकजूट करावयाला अधिक तयार होतील, असे निरीक्षणही आहे. हे पान पत्रकात का नाही, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

येथे चिकित्सा आणि द्वेष ह्यांतला फरक नीट मांडला पाहिजे, कारण वाक्य एकच असले तरी कोणत्या तोंडून ते येते ह्यावर त्याचा अर्थ बदलतो. चिकित्सक ज्याच्यावर टीका करतो, तो बदलू शकतो असे त्याने गृहीत धरलेले असते. वैद्य रोग्याला शिव्या देईल, पण औषधही देईल. द्वेष करणाऱ्याला औषधाशी कर्तव्य नसते. 'हे असेच आहेत, असेच राहणार' हा त्याचा सिद्धांत. हा सिद्धांत आम्हांला नवा नाही. आमच्याविषयी तो दोन हजार वर्षे सांगितला गेला आणि त्याला शास्त्र म्हटले गेले. माणसाची घाण त्याच्या कृतीत नसून त्याच्या जन्मात आहे, असे एकदा मानले की चर्चेला जागाच उरत नाही.

जून २०१४ मध्ये पुण्याजवळ हडपसरला एका तरुण अभियंत्याला जमावाने ठार केले. फेसबुकवर कोणीतरी छत्रपतींची आणि इतरांची विटंबना करणारी चित्रे टाकली होती. त्या चित्रांशी ह्या तरुणाचा काडीचाही संबंध नव्हता. दाढी होती, टोपी होती, एवढे पुरे झाले. तो नमाज मनापासून पढत होता की आईच्या समाधानासाठी, तलाकविषयी त्याचे मत काय होते, त्याने हमीद दलवाई वाचले होते की नाही, हे त्याला कोणीच विचारले नाही. मारणाऱ्यांना त्याच्या धर्माची चिकित्सा करावयाची नव्हतीच. जानेवारी २०२३ मध्ये त्या खटल्यातील आरोपी निर्दोष सुटले.

दलवाईंचे नाव आलेच आहे, तर त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. कारण मराठीत धर्मचिकित्सा आणि मुसलमान हा विषय निघाला की प्रत्येक बाजू त्यांनाच साक्षीदार म्हणून उभे करते.

हमीद दलवाई (१९३२–१९७७) हे चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. सेवादलाच्या, समाजवाद्यांच्या संस्कारांत वाढलेले. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. मागण्या होत्या तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करण्याच्या, समान नागरी कायद्याच्या. सात बाया! आज लाखांच्या मोर्च्यांची सवय झालेल्यांना ह्या आकड्याचे हसू येईल. महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्यांच्या वारसांना ते येऊ नये. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात त्यांनी मंडळ स्थापन केले, त्याला नाव दिले मुस्लिम सत्यशोधक मंडळ. हे नाव त्यांनी कोणत्याही मौलवीकडून घेतले नाही आणि कोणत्याही शंकराचार्याकडूनही घेतले नाही; १८७३ च्या जोतीरावांच्या समाजाकडून घेतले. दलवाईंचे गुणगान करणारे पुष्कळ लेख मी वाचले, पण ह्या नावापाशी थांबलेले फार थोडे. थांबले असते तर त्यांना जोतीरावांचे 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' उघडावे लागले असते. त्यात आई बौद्ध धर्म स्वीकारते, बाप ख्रिस्ती होतो, मुलगी कुराण वाचून मुसलमान होते, मुलगा सत्यधर्माचा आणि सारे एका घरात प्रेमाने नांदतात, असे चित्र आहे. धर्माची सर्वांत कडक चिकित्सा करणाऱ्या महाराष्ट्रातल्या पुरुषाने मुलीच्या हाती कुराण देण्यात काही वावगे मानले नव्हते.

दलवाईंच्या वैचारिक लेखनापेक्षा त्यांची 'इंधन' ही कादंबरी (१९६५) मला अधिक मोलाची वाटते. धर्मावर श्रद्धा नसलेला, आजारातून उठलेला एक मुसलमान पुष्कळ वर्षांनी आपल्या कोकणातल्या गावी विश्रांतीला येतो आणि त्याच्या डोळ्यांदेखत गाव पेटत जाते. गावातली जुनी उतरंड हलू लागलेली आहे. कोणाचा मान गेला आहे, कोणाला नवी ताठ मान मिळाली आहे. बाई, जमीन, देवाची पालखी, घराण्याची इभ्रत अशा लहानमोठ्या कारणांच्या काटक्या गोळा होतात आणि शेवटी त्यांना धर्माची काडी लागते. येथे मुसलमान हा एक नमुना म्हणून येत नाही. त्यात हेकट आहेत, भित्रे आहेत, भले आहेत, लबाडही आहेत. लेखकाने आपल्या माणसांना माफ केलेले नाही आणि परक्यांच्या हवालीही केलेले नाही. स्वकीयांवर लिहावयाचे कसे, ह्याचा हा वस्तुपाठ आहे. आमच्या आत्मकथनकारांपुढे पुढे हाच पेच उभा राहिला होता.

वैचारिक लेखनात मात्र दलवाईंची एक मर्यादा जाणवते. फाळणी, अलीगढ, उच्चभ्रू मुस्लिम नेतृत्वाची मनोवृत्ती ह्यांचे विश्लेषण ते निर्भयपणे करतात. पण भिवंडी-मालेगावचा मागावर बसणारा मोमीन, खाटीक, पिंजारी, फकीर ह्या माणसांच्या पोटाचा आणि जातीचा प्रश्न त्यांच्या मांडणीच्या मध्यभागी येत नाही. तो मराठीत नंतर आला. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले; त्या परिसरातील फकरुद्दीन बेन्नूर ह्यांच्यासारख्यांनी मुसलमानांतील जाती आणि सामाजिक रचना ह्यांचा विचार नेटाने मांडला. दलवाई आणि बेन्नूर ह्यांना परस्परांविरुद्ध उभे करण्याची जी हौस काही मंडळींना आहे, ती मला निरर्थक वाटते. एकाने घरातल्या स्त्रीचा प्रश्न विचारला, दुसऱ्याने घराबाहेर वाट पाहणाऱ्या उपासमारीचा. दोन्ही खरे.

दलवाईंवर खरा अन्याय त्यांच्या टाळ्या वाजविणाऱ्यांनी केला. त्यांच्या सभांना येणारा सवर्ण श्रोता इस्लामवरच्या टीकेला टाळी देई आणि हिंदू जातीयवादावरच्या टीकेला घड्याळ पाही, असे त्या काळातली जाणती माणसे सांगतात. दलवाईंनी हिंदू पुनरुज्जीवनवादाविरुद्धही लिहिले आहे, ते त्यांच्या चाहत्यांच्या स्मरणात राहत नाही. मृत्यूनंतर त्यांच्या इच्छेप्रमाणे कोणताही धार्मिक विधी न करता विद्युतदाहिनीत दहन झाले. टाळ्या वाजविणाऱ्यांपैकी कितीजणांनी आपल्या बापाचे दहावे-तेरावे टाळले, हे विचारावयाला हरकत नाही.

ह्या टाळीबाजांची परीक्षा पाहण्यासाठी आपल्याकडे एक चांगली कसोटी आहे. १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा चौथा खंड प्रसिद्ध केला. 'रिडल्स इन हिंदुइझम' त्यात होते. राम आणि कृष्ण ह्यांच्याविषयीच्या परिशिष्टाने वादळ उठले. जानेवारी १९८८ मध्ये अमरावतीला ग्रंथ जाळला गेला, शिवसेनेने मुंबईत मोर्चा काढला, परिशिष्ट गाळण्याची मागणी झाली आणि शासन डळमळले. ५ फेब्रुवारी १९८८ रोजी आपला प्रचंड मोर्चा मुंबईत निघाला. तो परतल्यावर हुतात्मा चौक बाटला म्हणून त्याची शुद्धी करण्यात आली. विसाव्या शतकाला तेव्हा बारा वर्षे उरली होती. शेवटी, ह्या मतांशी शासन सहमत आहे असे नाही, अशा आशयाची टीप घालून परिशिष्ट राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात रश्दींच्या 'सटॅनिक व्हर्सेस'च्या आयातीवर भारत सरकारने बंदी घातली. जानेवारीत ज्यांना ग्रंथ जाळावासा वाटला, त्यांपैकी कितीजणांना ऑक्टोबरात विचारस्वातंत्र्याचा पुळका आला असेल? आणि फेब्रुवारीत रस्त्यावर उतरलेल्या आपल्यापैकी कितीजण ऑक्टोबरात बोलले?

दुसरा प्रश्न आपल्याला अडचणीचा आहे, म्हणूनच तो विचारला पाहिजे. धर्मभावना दुखावण्याविरुद्धचे कलम २९५-अ हे १९२७ साली, लाहोरच्या एका प्रकाशकाने छापलेल्या पैगंबरविषयक पुस्तकावरून उठलेल्या वादातून आले. तो प्रकाशक १९२९ मध्ये मारला गेला. कलम मुस्लिम भावनांसाठी म्हणून आले, पण त्याची धार कोणाला लागली? पेरियारांच्या रामायणावरील पुस्तकाची हिंदी आवृत्ती ललई सिंह यादव ह्यांनी काढली, तेव्हा उत्तर प्रदेश सरकारने १९६९ मध्ये ती जप्त करताना ह्याच कलमाचा आधार घेतला. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ललई सिंह जिंकले, म्हणून पुस्तक वाचले. २०२४ पासून भारतीय दंडसंहितेची जागा न्याय संहितेने घेतली. कलमाचा क्रमांक बदलून २९९ झाला, कलम राहिले. मौलवीच्या भावनेसाठी बांधलेला कोंडवाडा उद्या 'रिडल्स'साठी उघडा असतो, हे ज्यांना कळत नाही त्यांनी एकजुटीची भाषा जपून करावी.

मुस्लिम स्त्रीच्या बाबतीतही आपल्या पुरोगामी शांततेने नुकसान केले. १९८५ मध्ये शहाबानो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोटगी मान्य केली आणि १९८६ च्या कायद्याने ती अडविण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा सत्यशोधक मंडळाचे मूठभर कार्यकर्ते बोलत होते. आपल्यातले अनेक 'त्यांचा अंतर्गत प्रश्न' म्हणून गप्प होते. अस्पृश्यतासुद्धा हिंदूंचा अंतर्गत प्रश्नच होता की! ही मोकळी सोडलेली जागा दुसऱ्यांनी भरली. १९६६ ची मागणी ज्यांनी कधी केली नव्हती, त्यांच्या हातून २०१९ मध्ये एका दमातल्या तलाकला तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा कायदा आला. बायको टाकून देणारा हिंदू नवरा मात्र तसा गुन्हेगार ठरत नाही. सात बायांनी हक्क मागितला होता, नवऱ्याची कैद मागितली नव्हती.

मग आंबेडकरवाद्याने इस्लामची चिकित्सा करावी की नाही? करावी, आणि आपल्या बाजूने करावी. ती कोठून सुरू होते, हेही बाबासाहेबांनीच दाखविलेले आहे. त्याच पाकिस्तानविषयक ग्रंथात १९०१ च्या बंगालच्या खानेसुमारीचा आधार घेऊन त्यांनी अश्रफ, अजलफ आणि अर्जल असे मुसलमानांतले थर मांडले आहेत. अर्जल म्हणजे ज्यांच्याशी इतर मुसलमान संबंध ठेवीत नाहीत, ज्यांना मशिदीत आणि सार्वजनिक दफनभूमीत मज्जाव आहे ते. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातही हे तीन शब्द पुन्हा भेटतात. मेहतर मुसलमान, हलालखोर, लालबेगी ही माणसे कोणाच्या पत्रकात नसतात. 'इस्लाममध्ये जात नाही' असे व्यासपीठावरून मौलाना सांगतात. आणि १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाचा तिसरा परिच्छेदही व्यवहारात तेच सांगतो. त्या आदेशाने आधी हिंदूंनाच अनुसूचित जातीत धरले. १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये पुष्कळ झगड्यानंतर आपण बौद्ध आलो. आपल्यामागे दार पुन्हा लोटले गेले. मैला उचलणारा मुसलमान बाहेर उभा आहे, कारण मौलाना आणि सरकार ह्या एका मुद्द्यावर त्याला जात नाही असे एकमताने म्हणतात, आणि त्याच्या मोहल्ल्यातला अश्रफ शेजारी त्याच्याकडचा पाण्याचा पेला आजही वेगळा ठेवतो. २०२२ मध्ये केंद्र सरकारने ह्या प्रश्नावर आयोग नेमला. त्या आयोगापुढे बौद्धांच्या संघटनांनी काय मांडावे, ह्यावर आपल्या वस्त्यांत, आपल्या नियतकालिकांत चर्चा व्हावयास हवी होती. आरक्षणात वाटेकरी वाढतील, ही कुजबुज मात्र मी अनेक ठिकाणी ऐकली. १९९० पूर्वी आपल्याविषयी नेमकी हीच कुजबुज होत असे.