साकुरा, किंसुक आणि अनिच्च

गेल्या फाल्गुनात बजाजनगर येथील पाली वर्गात एका विद्यार्थ्याने विचारले, “जपानी लोकांचा ‘हानामी’ म्हणजे अनिच्चाचाच उत्सव नव्हे काय?” साकुराची पाकळी गळते, सर्व संस्कार अनित्य आहेत, म्हणून हानामी बौद्ध. हे समीकरण आपल्याकडील अनेक व्याख्यानांत ऐकू येते. ते तपासून पाहणे आवश्यक आहे.

हानामी म्हणजे फुले पाहणे. नारा काळात (७१०–७९४) पाहिली जाणारी फुले प्रामुख्याने चीनहून आलेल्या ‘उमे’ वृक्षाची होती. साकुराला अग्रस्थान मिळाले ते पुढील हेआन काळात. हिदेयोशीने १५९८ मध्ये दाइगो येथे भरविलेला सोहळा हे उघडउघड सत्तेचे प्रदर्शन होते. अठराव्या शतकात शोगुन योशिमुने याने एदो नगरात, म्हणजे आजच्या तोक्योत, झाडे लावविली आणि सामान्य जन बहराखाली खाऊ-पिऊ लागले. यात धम्मदेसना शोधणे कठीण आहे. ज्या ‘मोनो नो आवारे’ या संज्ञेचा आधार घेतला जातो, तिचे प्रतिपादक मोतोओरी नोरिनागा (१७३०–१८०१) हे तर साहित्याकडे बौद्ध वा कन्फ्यूशियन नीतिबोधाच्या दृष्टीने पाहण्याच्या विरोधात होते! खरा प्रामाणिक साक्षीदार मला भिक्खू कवी साइग्यो (१११८–११९०) वाटतो. संसार सोडला, पण फुलांची ओढ सुटली नाही, ही त्याची खंत आहे. पालीत या ओढीला उपादान म्हणतात, अनिच्चदर्शन नव्हे.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. १९४५ मध्ये जपानी नौदलाने आत्मघातकी हल्ल्यांसाठी वापरलेल्या विमानाचे नाव ‘ओका’, अर्थात साकुराचे फूल, असे होते. गळणे सुंदर ठरले की कोणाला गळावयास लावायचे हे ठरविणारेही पुढे येतात.

पाली वाङ्मयाला फुलांचे वावडे नाही. थेरगाथेतील काळुदायी स्थविरांच्या गाथांत वसंतातील वृक्षांचे वर्णन मन प्रसन्न करणारे आहे. परंतु त्या वर्णनाचे प्रयोजन तथागतांना कपिलवस्तूच्या प्रवासास प्रवृत्त करणे हे आहे. बहर थांबण्यासाठी नसून निघण्यासाठी आहे. महापरिनिब्बानसुत्तात कुसिनारा येथील जोड सालवृक्ष अकाली फुलतात, फुले तथागतांच्या देहावर पडतात. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यातील महापरिनिब्बानाच्या भव्य शिल्पासमोर आपल्यापैकी अनेक जण उभे राहिले असतील. त्या प्रसंगी तथागत आनंदाचे लक्ष फुलांवरून काढून घेतात: अशा पूजेने तथागताचा खरा सत्कार होत नाही, धम्मानुसार आचरणाने होतो.

साकुराच्या तुलनेत अधिक मार्मिक दृष्टांत आपल्या दाराशी आहे. किंसुक म्हणजे पळस. संयुत्तनिकायातील किंसुकोपमसुत्तात आणि त्याच नावाच्या जातकात (क्र. २४८) तो येतो. जातकातील चार राजपुत्र एकच वृक्ष निरनिराळ्या वेळी पाहतात. एकाला तो जळक्या खुंटासारखा दिसतो, दुसऱ्याला वडासारखा, तिसऱ्याला मांसाच्या तुकड्यासारखा, चौथ्याला शिरीषासारखा. कोणीही खोटे बोलत नाही, आणि पळस कोणालाच पुरता ठाऊक नाही. हानामी ही तिसऱ्या राजपुत्राची दृष्टी आहे. ती रमणीय आहे, हे मी नाकारीत नाही. मात्र आठवडाभराच्या फुलांवरून अनिच्च कळले असे मानणाऱ्याने उरलेल्या एक्कावन्न आठवड्यांचा हिशेब दिलेला नसतो. गळणाऱ्या पाकळीचे दुःख सोपे. कोवळे पान, जून पान, शेंग हीसुद्धा तीच प्रक्रिया आहे, हे पाहणे अवघड.

आमच्या वर्गातील बहुतेकांना पळस ठाऊक होता तो होळीच्या सुमारास दिसणारा. त्याची पाने पत्रावळीत पाहिलेली, पण ती याच झाडाची हे दोघांतिघांनाच माहीत होते. प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला मी वाळूजबाहेरच्या माळावरील एक झाड दाखविले व श्रावणात पुन्हा येण्यास सांगितले. तो आला. झाड ओळखावयास त्याला बराच वेळ लागला.