लघुप्रतिमांचे रंगकाम : ओळख, उठाव आणि पुरावा

‘लघुचित्र’ ही संज्ञा आपल्या अभ्यासात रूढ आहे. ‘लघुप्रतिमा’ ही तितकी रूढ नाही. प्रस्तुत टिपणात तिचा अर्थ बोटभर उंचीची, हाताने रंगवलेली, खेळात किंवा आराशीत मांडावयाची प्रतिमा असा घेतला आहे. टेबलावर युद्धाचा डाव मांडणारे हौशी लोक अशा प्रतिमा शेकड्यांनी रंगवितात. त्यांपैकी काही इतिहासातील सैन्यांच्या असतात, तर काही केवळ कल्पनेतील राक्षस, बुटके आणि जादूगार यांच्या. हा विषय प्रथमदर्शनी आपल्यापासून दूरचा वाटतो; परंतु रंगवलेली लहान प्रतिमा म्हणजे काय आणि तिच्या रंगावर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न आपल्या अंगणातलाच आहे.

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील आखाडा बाळापूर हे नांदेड–हिंगोली रस्त्यावरील गाव घ्या, किंवा मराठवाड्यातील दुसरे कोणतेही गाव घ्या. श्रावणी अमावास्येला पोळा येतो. आदल्या दिवशी खांदमळणी होते. सणाच्या दिवशी बैलाची शिंगे रंगतात, त्यांना बेगड लागते, अंगावर गेरूचे ठिपके उठतात, पाठीवर झूल आणि कपाळावर बाशिंग चढते. ज्यांच्या घरी बैल नाही ते मातीच्या बैलांची पूजा करतात. हा मातीचा बैल रंगविणारा नेमके कशाचे अनुकरण करतो, हे पाहिले पाहिजे. बैलाच्या कातडीच्या रंगाचे तो अनुकरण करीत नाही. खऱ्या बैलावर त्या दिवशी माणसाने जो रंग चढविला, त्या रंगाचे तो अनुकरण करतो. म्हणजे मूळ वस्तूच आधी रंगविली गेलेली आहे. प्रतिमेचा रंग हा त्या रंगाचा पुनरुच्चार आहे.

हा भेद ध्यानी घेतला म्हणजे सैनिकाच्या प्रतिमेचे मर्म उकलते. गणवेश हाही माणसावर चढविलेला रंगच होय. रणांगणाच्या धुरात आपले कोण आणि परके कोण हे दुरून कळावे, हे त्याचे एक प्रमुख प्रयोजन. राइस्विट्स याची युद्धक्रीडा प्रशियात १८२४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत माणसांच्या प्रतिमा नव्हत्याच. नकाशावर तांबड्या आणि निळ्या रंगाचे ठोकळे सरकत. ओळखीपुरता रंग, आकाराची मातब्बरी नाही, असे ते शुद्ध स्वरूप होते. पुढे ब्रिटन या इंग्रज कारखान्याने १८९३ पासून पोकळ ओतीव शिशाचे शिपाई बाजारात आणले, आणि एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून अशा खेळण्यांच्या लढाईला नियम दिले. या शिपायांवरील रंग चकचकीत आणि सपाट असे. डगला तांबडा, विजार निळी, चेहरा गुलाबी. सावली कोठेही नाही. त्या रंगाचे काम ओळखीचे होते, आणि ते तो चोख करी.

त्यानंतरच्या काळात रंगकामाला दुसरे प्रयोजन प्राप्त झाले. आजची प्रचलित प्रतिमा सुमारे २८ मिलिमीटर उंचीची असते. माणसाची उंची १७० सेंटिमीटर धरली तर हे प्रमाण साधारण एकास साठ पडते. म्हणून एक मीटर अंतरावर ठेवलेली प्रतिमा डोळ्याला साठ मीटरांवरील माणसाएवढी दिसते. तिच्या वस्त्राच्या चुण्या केसाएवढ्या खोल असतात आणि खोलीतल्या पसरट उजेडात त्या वेगळ्या उठून दिसत नाहीत. म्हणून रंगविणारा सावली स्वतःच रंगवितो. प्रथम अस्तराचा हात, मग मूळ रंग. त्यावर पातळ केलेला गडद रंग सोडला की तो खाचांत जाऊन बसतो. शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर फिकट रंग हलकेच फिरवावयाचा. यायोगे प्रतिमेला जो उठाव येतो, तो घडणीपेक्षा रंगाचाच असतो.

भारतीय कलाविचाराला ही गोष्ट नवी नाही. विष्णुधर्मोत्तराच्या चित्रसूत्रात या क्रियेला ‘वर्तना’ म्हटले असून पत्रज, ऐरिक आणि बिंदुज असे तिचे तीन प्रकार सांगितले आहेत. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत नाकाच्या दांड्यावर आणि ओठावर उजळ रंगाचा स्पर्श देऊन जो उठाव साधला आहे, तो याच तत्त्वाचा. फरक एवढाच की भिंत सपाट असते, म्हणून तेथे उठावाचा आभास निर्माण करावा लागतो. लघुप्रतिमा मुळातच उठावाची असते, आणि तरीही तिच्यावर आभास चढवावा लागतो. घन वस्तूवर घनत्वाचे चित्र काढावयाचे, हे या कलेचे वैशिष्ट्य होय.

आता मुख्य मुद्दा. ओळख आणि उठाव ही रंगाची दोन भिन्न कार्ये आहेत आणि त्यांची कसोटीही भिन्न आहे. उठाव साधला की नाही, हे डोळ्याने ठरते. ओळख खरी की खोटी, हे पुराव्याने ठरते. आजच्या रंगकामाचे कौशल्य पहिल्या कार्यात अत्यंत प्रगत झाले आहे, आणि नेमक्या याच कारणाने दुसऱ्या कार्याची परीक्षा मागे पडते. छाया जितकी सफाईदार, तितका त्या वस्त्राचा रंगही प्रेक्षकाला खरा वाटू लागतो. अनुमानाला अशा रीतीने पुराव्याची प्रतिष्ठा मिळते.

उदाहरण मराठवाड्यातीलच घेऊ. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे आर्थर वेल्स्ली याची फौज आणि शिंदे व नागपूरकर भोसले यांची फौज यांच्यात लढाई झाली. या लढाईत कंपनी सरकारच्या बाजूची ४२८ माणसे ठार आणि ११३८ जखमी झाली. ही लढाई टेबलावर मांडणाऱ्यांच्या विशेष आवडीची आहे. वेल्स्लीच्या फौजेतील ७४व्या आणि ७८व्या हायलंडर पलटणी रंगविणाऱ्यास अडचण पडत नाही. डगला दोघांचा तांबडा. कॉलर आणि बाहीच्या पट्टीचा रंग पहिलीचा पांढरा, तर दुसरीचा बदामी. हे नियमाने ठरलेले होते आणि नोंदलेलेही आहे. येथे प्रतिमेचा रंग पोळ्याच्या बैलाप्रमाणे रंगाचाच पुनरुच्चार करतो, म्हणून त्याला साक्षीचे मोल आहे. शिंद्यांच्या पोलमनच्या हाताखालील कवायती पलटणींबाबतही युरोपीय धर्तीच्या पोशाखाचा आधार घेता येतो.

पण त्याच फौजेतील शिलेदार स्वारांचे काय? बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदार आपला घोडा आणि आपली हत्यारे घेऊन चाकरीस येई. ज्याचा घोडा घरचा, त्याचा अंगरखा एका ठराविक रंगाचा असावा असा दंडक संभवत नाही. येथे रंगविणाऱ्याच्या हाती नियम नसतो, केवळ मोकळीक असते. आणि मोकळीक मिळाली की माणूस संकेताकडे वळतो: पौर्वात्य स्वार म्हणून भडक रंग. शेजारच्या तांबड्या डगल्याइतक्याच निगुतीने त्या भडक अंगरख्यावर छाया दिलेली असते. एकाच टेबलावर, एकाच कौशल्याने रंगविलेल्या दोन प्रतिमांपैकी एक साक्ष देते आणि दुसरी तर्क करते. पाहणाऱ्यास मात्र दोघी सारख्याच आत्मविश्वासाने बोलताना दिसतात.

हा दोष परक्यांचाच आहे, असे मानण्याचे कारण नाही. पुणे, सातारा, कोल्हापूर या भागांत दिवाळीला मुले मातीचे किल्ले करतात, त्यावर हळीव पेरतात आणि बाजारातून आणलेली रंगीत चित्रे मांडतात. या मांडणीत प्रमाणबद्धतेची फिकीर नसते. सिंहासनावरील महाराज दरवाजापेक्षा उंच असतात, कारण येथे आकार मोजमापाने नव्हे, मानाने ठरतो. रंग सपाट असतो आणि छायेचा आभास नसतो. एवढ्यापुरती ही प्रतिमा अधिक प्रामाणिक म्हणता येईल. आपण संकेत आहोत हे ती लपवीत नाही. तथापि ओळीने उभे केलेले, एकाच साच्यातून निघालेले आणि एकाच भगव्या पागोट्याचे मावळे वर्षानुवर्षे पाहिल्यावर शिवकालीन पायदळाला गणवेश होता, अशी समजूत मनात घर करते. म्हणजे सपाट रंगही निर्दोष ठरत नाही. छायेने जी प्रतिष्ठा अनुमानाला मिळते, ती येथे पुनरावृत्तीने मिळते.

कल्पित प्रतिमांचा विचार येथे उपकारक ठरतो. ‘वॉरहॅमर’ हा इंग्लंडातील खेळ १९८३ मध्ये निघाला. त्यातील ‘ऑर्क’ नावाचे राक्षस हिरवे असतात. राक्षस खरोखर हिरवा होता काय, हे कोणी विचारीत नाही. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात दहा रंगांची मिळून १२० पाने असतात, आणि पानाच्या जमिनीच्या रंगावरून ते कोणत्या अवताराचे हे खेळणारा ओळखतो. तेथेही रंग हा शुद्ध संकेत आहे आणि सर्वांना तो संकेत म्हणूनच माहीत आहे. अद्भुताच्या रंगकामात एकच बंधन असते: ठरलेला संकेत शेवटपर्यंत पाळावा. म्हणून कल्पित प्रतिमेपेक्षा ऐतिहासिक प्रतिमा अधिक सत्य असते, ही समजूत तपासून घेतली पाहिजे. कल्पित प्रतिमा फसवू शकत नाही. ऐतिहासिक प्रतिमा फसवू शकते.

मग ऐतिहासिक प्रतिमा रंगवूच नयेत काय? असा निष्कर्ष काढणे अतिरेकाचे होईल. या कलेच्या हातात उपाय आहे, आणि तो रंगात नसून मांडणीत आहे. सभासदाच्या बखरीत शिवकालीन पायदळाची रचना दिली आहे : नऊ पाईकांवर एक नाईक, पाच नाईकांवर हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. ही पलटण पागोट्याच्या रंगाने बांधलेली नाही, हुकमाच्या साखळीने बांधलेली आहे. युद्धक्रीडेत अनेक प्रतिमा एका पट्टीवर बसवून एक तुकडी करण्याची रीत आहेच. तेव्हा एका पट्टीवर नऊ पाईक आणि नाईक अशा दहा प्रतिमा बसवाव्यात आणि दहांची वस्त्रे दहा तऱ्हांची रंगवावीत. तुकडीची ओळख पट्टीने होईल. वस्त्रांची विविधता ही त्या सैन्याच्या घडणीविषयीचे खरे विधान ठरेल. एकसारखा रंग जे असत्य सांगतो, ते विसंगत रंगांनी दुरुस्त होते. साठ मीटरांवरून पाहणाऱ्याला शिलेदारांचा जमावही असाच मिश्र रंगांचा दिसला असता, असे मानणे या रचनेशी सुसंगत आहे.

समीक्षकालाही यातून एक शिस्त लावून घेता येईल. प्रतिमेवरील प्रत्येक रंगाविषयी त्याने तीन प्रश्न विचारावेत. हा रंग मूळ वस्तूवर कोणी चढविलेला होता काय? तसे असल्यास तो पुरावा. नसल्यास तो ज्ञात रीतीवरून काढलेला आहे काय? तसे असल्यास ते अनुमान. तेही नसल्यास तो संकेत होय, आणि संकेत म्हणूनच त्याचे सौंदर्य जोखावे. छायेच्या सफाईला गुण अवश्य द्यावेत, परंतु ते निराळ्या रकान्यात.

मराठवाड्यातील विद्यार्थ्यांना या अभ्यासाचा आरंभ करण्यासाठी परदेशी प्रतिमांची वाट पाहावी लागत नाही. पोळ्याला आपल्या गावी मातीच्या बैलांवर कोणता रंग कोठे दिला जातो, शिंगे कोणत्या रंगाची, ठिपके किती आणि कोठे, आणि त्याच दिवशी खऱ्या बैलावर तेच रंग त्याच जागी असतात काय, याची शेजारी शेजारी नोंद करणे एवढे काम पुरेसे आहे. जेथे दोन्ही नोंदी जुळतील तेथे प्रतिमा साक्षीदार आहे. जेथे त्या फाकतील तेथे संकेताने स्वतंत्र वाट धरली आहे. नांगराची जागा ट्रॅक्टर घेत असताना खऱ्या बैलांची संख्या घटत आहे. तुलनेचा एक पक्षच उद्या हाती राहिला, तर मातीच्या बैलाचा रंग पुरावा होता की संकेत, हे ठरविण्याचे साधन उरणार नाही.